मेल बंद पडला, तर खिशातून किती जातात?

महिन्याची १९ तारीख होती. भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या मालकांचा सकाळी साडेनऊला फोन आला. "रात्री अकरापासून एकही मेल नाही. जातही नाही, येतही नाही." आठ माणसांचं ऑफिस, आठ मेलबॉक्स. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख, एका मोठ्या गिऱ्हाइकाची सुधारित ड्रॉइंग्ज मेलवर यायची होती, आणि एका निविदेचा खुलासा त्याच दिवशी पाठवायचा होता. होस्टिंगवाल्यांकडे तिकीट टाकून झालं होतं. काम चालू आहे, एवढंच उत्तर दर तासाला येत होतं.

मी विचारलं, डोमेनचा पासवर्ड कुणाकडे आहे? तो होस्टिंगवाल्यांकडेच होता. मालकांनी स्वतः लॉगिन करायचं म्हटलं, तर त्याचा ओटीपी जाणार त्याच बंद पडलेल्या मेलवर. म्हणजे घराची किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून लागलेलं.

सर्व्हर संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला. बरेचसे मेल मिळाले, काही मिळाले नाहीत, आणि एक नुकसान तर तीन आठवड्यांनी लक्षात आलं. लहान उद्योगांची मेलव्यवस्था लावून देताना हे मी वारंवार पाहतो, म्हणून कळकळीने लिहितो आहे. मेलबॉक्स भाड्याने घ्यायला काहीच हरकत नाही. आठ माणसांच्या ऑफिसाने स्वतःचा सर्व्हर चालवू नये, असंच मी सांगेन. पण डोमेन, डीएनएस आणि जुन्या मेलची एक प्रत या तीन गोष्टी आपल्याच हातात हव्यात. त्या हातात ठेवायला किती खर्च येतो आणि नसल्या तर किती जातो, ते पुढे मांडलं आहे.

बंद काळात मेल जातो कुठे?

पहिली दिलाशाची गोष्ट. तुमचा सर्व्हर बंद असताना कुणी मेल पाठवला तर तो लगेच नाहीसा होत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो आपल्या रांगेत ठेवतो आणि ठरावीक वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या देवाणघेवाणीचं जे मानक आहे, त्यात असे प्रयत्न निदान चार-पाच दिवस करावेत असं म्हटलं आहे. पोस्टमनला दार बंद दिसलं की तो पत्र परत नेतो आणि उद्या पुन्हा येतो, तसंच हे.

पण चार-पाच दिवस हातात आहेत असं समजून बसू नका. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइनवरून निघालेला मेल चोवीस तासांत पोहोचला नाही, तर तो पाठवणाऱ्याकडे परत जातो. मोठ्या कंपन्यांपैकी अनेकींचा मेल मायक्रोसॉफ्टवर आहे. तुमचं सर्वांत महत्त्वाचं गिऱ्हाईक त्यांतलंच असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून मी मुदत धरतो ती एका दिवसाची, आणि निर्णय घ्यायला त्यातले पहिले दहा-बारा तासच.

दुसरी बाब म्हणजे परत येणाऱ्या निरोपातला आकडा. ४ ने सुरू होणारा, म्हणजे ४२१ किंवा ४५० असा असेल, तर अडचण तात्पुरती आहे आणि पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करणार. ५ ने सुरू होणारा, विशेषतः ५५०, असेल तर त्याने प्रयत्न सोडून दिला. आपल्या खासगी जीमेलवरून ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल टाकून पाहा. परत काय येतं त्यावरून परिस्थिती समजते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

त्याआधी, बिघाड खरोखर होस्टिंगवाल्यांचाच आहे ना, हे दहा मिनिटांत तपासून घ्या. ऑफिसचं ब्रॉडबँड सोडून मोबाइलच्या डेटावर वेबमेल उघडतो का? एकाचाच मेल बंद आहे की सगळ्यांचा? एकाचाच असेल तर बहुतेकदा मेलबॉक्स भरलेला असतो. आणि डोमेनचं नूतनीकरण राहिलं आहे का, हे जरूर पाहा. 'सर्व्हर डाउन' म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी काहींत सर्व्हर ठणठणीत होता, डोमेनची मुदत मात्र संपली होती. डॉट कॉमची मुदत उलटून ते सोडवणुकीच्या तीस दिवसांत गेलं, तर परत मिळवायला नेहमीच्या फीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.

न दिसणारा खर्च

मालक म्हणाले, "एक दिवस मेल नव्हता, त्यात काय एवढं?" मग आम्ही कागदावर हिशेब केला. माणशी सरासरी पगार ३०,००० रुपये धरला. सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे महिन्याचे २०८ तास. तासाचे सुमारे १४४ रुपये. दिवसभरात प्रत्येकाचं अर्धं काम अडलं असं धरलं, तरी आठ जणांचे बत्तीस तास गेले. ते झाले ४,६०८ रुपये. यात निविदा हुकण्याची किंमत नाही, सीएच्या ऑफिसात मारलेल्या फेऱ्या नाहीत, की गिऱ्हाइकाने "तुम्हाला मेल केला होता" म्हटल्यावर जी पत जाते तीही नाही.

आता भरपाईकडे पाहू. जाहिरातीत ९९.९ टक्के अपटाइम असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटांची सूट. ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं, ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटं. कागदावर अर्ध्या-पाऊण टक्क्याचा फरक, पण ऑफिसात तो अख्ख्या दिवसाचा होतो.

आणि वचन मोडलं तर मिळतं काय? गूगल वर्कस्पेसच्या करारात अपटाइम ९९.९ च्या खाली गेला तर तीन दिवसांची, ९९ च्या खाली सात दिवसांची आणि ९५ च्या खाली पंधरा दिवसांची सेवा फुकट वाढवून मिळते. मायक्रोसॉफ्ट त्याच पायऱ्यांवर महिन्याच्या शुल्काचा २५, ५० किंवा १०० टक्के भाग परत देतं. दोन्हीकडे मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायलाही मुदत असते. गूगलकडे ती तीस दिवसांची आहे.

भोसरीचा बिघाड साडेएकोणीस तासांचा, म्हणजे त्या महिन्याचा अपटाइम ९७.३ टक्के. आठ मेलबॉक्सचं महिन्याचं भाडं ८०० रुपये धरलं, तर गूगलच्या पद्धतीने हाती येतात साधारण १८७ रुपयांचे सात दिवस. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने ४०० रुपये. नुकसान साडेचार हजारांच्या वर. भरपाई जरूर मागावी, कारण तिकिटावर तशी नोंद राहिली की पुढच्या वेळी बोलायला आधार मिळतो. पण त्या पैशांवर भिस्त ठेवू नये.

कायद्याचा रस्ताही अरुंद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा 'ग्राहक' या व्याख्येबाहेर ठेवली आहे. मेलबॉक्स कंपनीच्या नावावर असेल तर समोरची बाजू पहिली हरकत हीच घेणार. तिथे करार आणि वकिलाची नोटीस हेच मार्ग, आणि करारात जबाबदारीची मर्यादा बहुधा तुम्ही भरलेल्या शुल्काइतकीच असते. सही करण्यापूर्वी ते कलम वाचा, आणि वाद कोणत्या शहरातल्या कोर्टात चालेल तेही पाहून ठेवा. व्यक्तिगत वापरासाठी डोमेन आणि मेल घेतलेल्यांची बाजू जास्त भक्कम आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा आयोगात राहत्या ठिकाणीच दावा करता येतो, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

आधीच केलेला खर्च

आता आपल्या हातात असलेल्या खर्चाकडे वळू. आकडे आठ मेलबॉक्सच्या ऑफिससाठी आहेत, आणि दर विचारूनच पक्के करावेत. सेवांवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून बिल कंपनीच्या जीएसटी क्रमांकावरच घ्या.

सर्वांत आधी डोमेन. ते कंपनीच्या नावावर, मेलवाल्यांपासून वेगळ्या रजिस्ट्रारकडे असावं. वर्षाचे हजार-दीड हजार रुपये तुम्ही नाहीतरी भरताच. डॉट कॉम दुसरीकडे हलवताना एका वर्षाची फी भरावी लागते, पण मुदतही तेवढीच वाढते, त्यामुळे ते पैसे वाया जात नाहीत. रजिस्ट्रारकडच्या खात्याला मात्र त्याच डोमेनवरचा मेल पत्ता देऊ नका. मालकांचा खासगी जीमेल आणि मोबाइल द्या. हा बदल फुकट आहे आणि पाच मिनिटांत होतो. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

दुसरं डीएनएस. तुमच्या नावाचा मेल कुठे पोहोचवायचा हे सांगणारी एमएक्स नोंद तिथे असते. डीएनएस होस्टिंगवाल्यांकडेच असेल तर त्यांच्याबरोबर तेही बंद पडतं, आणि मेल दुसरीकडे वळवायचा मार्गच उरत नाही. क्लाउडफ्लेअरसारख्या ठिकाणी डीएनएस फुकट ठेवता येतं. एमएक्स नोंदीची टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवावी हा आकडा, बऱ्याच ठिकाणी ८६,४०० म्हणजे पूर्ण दिवस असतो. तो ३,६०० वर आणा, म्हणजे केलेला बदल तासाभरात लागू होईल. हे शांततेच्या काळातच करायचं. सर्व्हर पडल्यावर आकडा बदलला तर जुनी नोंद जगभर आधीच साठलेली असते, मग उपयोग होत नाही.

तिसरा खर्च एका राखीव मेलबॉक्सचा. दुसऱ्याच एखाद्या कंपनीकडे फक्त एक मेलबॉक्स घ्या, महिना शंभर ते तीनशे रुपयांचा. तुमचं डोमेन तिथे आधीच पडताळून ठेवा आणि 'कॅच-ऑल' चालू करा. मग बिकट वेळी एमएक्स नोंद तिकडे वळवली, की आठही पत्त्यांवरचे मेल त्या एकाच मेलबॉक्समध्ये उतरतात. आठ जणांनी एकच इनबॉक्स पाहणं गैरसोयीचं आहे, पण मेल हातात असतो. वर्षाला हा खर्च १,२०० ते ३,६००. त्या राखीव सेवेचं नाव एसपीएफ नोंदीत, म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला आहे त्या डीएनएसमधल्या यादीत, आधीच घाला आणि मेलवर सही करणारी डीकेआयएमची किल्लीही बसवून ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत कडक झालं आहे. हे केलेलं नसेल, तर घाईत पाठवलेली उत्तरं स्पॅममध्ये जाऊन पडतील. एसपीएफची नोंद डोमेनला एकच असावी लागते, म्हणून दुसरी न जोडता आहे तिच्यातच भर घाला.

काही विक्रेते 'बॅकअप एमएक्स', म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल धरून ठेवणारा दुसरा सर्व्हर, घ्या म्हणून मागे लागतात. लहान ऑफिसाला त्याची गरज नाही असं माझं मत आहे. पाठवणारे सर्व्हर मेल स्वतःच धरून ठेवतात, आणि बॅकअप एमएक्स त्याच कंपनीचा असेल तर दोन्ही एकदमच बंद पडतात.

जुन्या मेलची प्रत

यावर जरा थांबतो, कारण खरा घात इथेच होतो.

अमेरिकेतल्या रॅकस्पेस या नावाजलेल्या कंपनीची होस्टेड एक्स्चेंज सेवा २ डिसेंबर २०२२ रोजी बंद पडली. कारण होतं रॅन्समवेअरचा हल्ला. ज्या त्रुटीतून हल्लेखोर शिरले, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबरमध्येच दिली होती, पण ती बसवल्यावर लॉगिनला अडचणी येतात अशा बातम्या असल्याने कंपनीने थांबायचं ठरवलं होतं. कंपनीने ग्राहकांना मायक्रोसॉफ्ट ३६५ वर हलवलं, त्यामुळे नवे मेल यायला लागले. जुन्या मेलसाठी लोकांना आठवडेच्या आठवडे थांबावं लागलं, आणि ती सेवा पुन्हा उभी राहिलीच नाही. त्याआधी १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचचं पाच मजली डेटा सेंटर आगीत जळालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचा बॅकअपही गेला.

सेवा थांबणं आणि जुना मेल जाणं ही दोन वेगळी संकटं आहेत. पहिल्यावर राखीव मेलबॉक्सचा उपाय आहे. दुसऱ्यावर उपाय एकच, आपल्या ऑफिसात आपल्या डिस्कवर प्रत. एक टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घ्या, प्रत्येकी पाच-सहा हजारांच्या. एक ऑफिसात आणि एक मालकांच्या घरी, दर महिन्याला अदलाबदल. थंडरबर्ड फुकट आहे. त्यात सगळी खाती आयमॅपने जोडून मेल 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करायचे आणि प्रोफाइलचं फोल्डर डिस्कवर घ्यायचं.

'माझ्या आउटलुकमध्ये सगळे मेल दिसतात, मग प्रत कशाला?' असं जवळपास प्रत्येक जण विचारतो. आउटलुकमध्ये दिसणारा मेल हा सर्व्हरचा आरसा असतो. सर्व्हर रिकामा होऊन परत आला आणि तुमचं आउटलुक त्याला जोडलं गेलं, तर ते इमानदारीने तुमच्याकडचे मेलही पुसून टाकतं. म्हणून बिघाड मोठा आहे असं वाटताच पहिलं काम हे करा. प्रत्येक संगणकावर आउटलुक 'वर्क ऑफलाइन'वर टाका आणि मेल पीएसटी फाइलमध्ये काढून घ्या. जुनं खातं काढून नवं जोडण्याची घाई करू नका. आउटलुक हे मेल ज्या ओएसटी फाइलमध्ये साठवतं ती आपल्या मूळ खात्याशी बांधलेली असते, ती नंतर सहज उघडत नाही. हा निरोप सगळ्यांपर्यंत वेळेत गेला, तर जुने मेल त्या संगणकांवरच जपता येतात.

हे सगळं बसवून द्यायला माहितगार माणसाचा एक दिवस पुरतो. त्याचे तीन ते पाच हजार धरा. दोन डिस्क, राखीव मेलबॉक्स आणि मेहनताना मिळून पहिल्या वर्षी १४ ते २१ हजार. पुढच्या वर्षांपासून राहतो तो फक्त राखीव मेलबॉक्सचा खर्च.

त्या दिवशी काय करायचं

पहिले काही तास एमएक्सला हात लावू नका. घाईने वळवलं तर काही मेल इकडे, काही तिकडे, आणि नंतर जुळवाजुळवीत दोन दिवस जातात. १४ डिसेंबर २०२० रोजी आपल्याकडे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला गूगलच्या सेवा बंद पडल्या होत्या, त्या पाऊण तासात परत आल्या. अशा वेळी थांबणंच बरं. दुपारपर्यंत होस्टिंगवाले वेळ सांगू शकले नाहीत, किंवा उत्तरात 'सुरक्षा घटना' असे शब्द आले, तर मेल राखीव मेलबॉक्सकडे वळवा.

तोवर फोन करा. दहा महत्त्वाच्या गिऱ्हाइकांचे आणि सीएचे नंबर कागदावर छापलेले हवेत, कारण संपर्कांची यादीही त्याच मेलमध्ये अडकलेली असते. जीएसटी पोर्टलचा ओटीपी मोबाइलवरही येतो. तो मोबाइल हजर माणसाचा आहे ना, नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा नाही ना, हे आजच पाहून ठेवा.

गिऱ्हाइकांशी बोलताना एक वाक्य आवर्जून सांगा: "आमचं बँक खातं बदललेलं नाही." मेल बंद असल्याची बातमी फुटली, की तुमच्या नावाने 'पैसे या नव्या खात्यात टाका' असा खोटा मेल धाडणाऱ्यांना संधी मिळते. कुणी फसलंच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. पैसे वाटेत अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

सेवा सुरू झाल्यावर काम संपत नाही. होस्टिंगवाल्यांकडून बिघाडाचं लेखी कारण आणि वेळा मागून घ्या. बंद काळात कुणाचे मेल परत गेले असतील त्यांना पुन्हा पाठवायला सांगा. आणि ५५० चा विचार करा. गूगलच्या त्या बिघाडानंतर दुसऱ्या दिवशी, १५ डिसेंबरला, जीमेलचे चालू असलेले पत्तेही 'असा पत्ताच नाही' म्हणून ५५० देत होते. असं उत्तर मिळालं, की आपोआप मेल पाठवणाऱ्या अनेक यंत्रणा तो पत्ता यादीतून काढून टाकतात, आणि कुणाला कळवत नाहीत.

भोसरीत तेच झालं होतं. सर्व्हर परत आला तेव्हा सुरुवातीला त्यावर खातीच तयार नव्हती, आणि त्या अवधीत आलेल्या प्रत्येक मेलला ५५० मिळाला. तीन आठवड्यांनी मालकांच्या लक्षात आलं, की निविदांच्या सूचना येणं थांबलं आहे. संकेतस्थळावर जाऊन पत्ता पुन्हा नोंदवायला दहा मिनिटं लागली. तोपर्यंत त्यांच्या कामाच्या दोन निविदांची मुदत होऊन गेली होती.